कर्ता कुठाय?

घोरपडे मॅडम दोह्यात इतकी वर्षं राहिल्या, पण गाडी चालवायला शिकल्या नाहीत, याचं कारण राउंडअबाउट, म्हणजे इथले सिग्नल नसलेले गोल चौक. आम्ही राहायचो त्या नजमा भागातून अल दुहैलच्या आमच्या शाळेपर्यंत मीच त्यांना रोज माझ्या गाडीतून न्यायचे. राउंडअबाउट जवळ आला की त्या मांडीवरची डब्याची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. "सगळे एकदम घुसतात गं मेघना. कोण कोणासाठी थांबलंय, काही कळत नाही. ह्या वाक्याला कर्ताच नाही."

हे शेवटचं वाक्य म्हणजे त्यांची खूण होती. मिरजेच्या एका शाळेत त्यांनी कित्येक वर्षं मराठी व्याकरण शिकवलेलं. नवरा गॅस प्लँटवर नोकरीला लागला म्हणून त्या इकडे आल्या, आणि अमेरिकन अभ्यासक्रमाच्या आमच्या शाळेत तिसरीच्या वर्गशिक्षिका झाल्या. इंग्रजी शिकवायच्या, गणित शिकवायच्या, पण डोक्यातलं व्याकरण काही निवृत्त झालं नव्हतं. लिफ्टमध्ये 'असुविधेबद्दल क्षमस्व' अशा अर्थाचा बोर्ड दिसला की त्या विचारायच्या, "क्षमा कोण मागतंय? कर्ता कुठाय?" बिल्डिंगचा वॉचमन "मॅडम, पानी बंद हो गया" म्हणाला की, "हो गया नाही रे बाबा, किसने किया?" तो बिचारा पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवायचा.

मला आधी गंमत वाटायची. नंतर डॉक्टर आले.

डॉक्टर म्हणजे आमचे नवे अॅकॅडेमिक डायरेक्टर. अमेरिकेत शिक्षणखात्याच्या धोरणावर पीएच.डी. केलेली, म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. मॅडमचं मत, हा औषध देत नाही, नुसतं निदान करतो. माणूस अतिशय गोड. आवाज कधी चढला नाही. कॉरिडॉरमध्ये भेटले की तुमच्या मुलांची नावं घेऊन चौकशी करायचे. इथे येऊन त्यांनी एकच अरबी शब्द उचलला होता, इन्शाल्ला, आणि काही मागायला गेलं की तो मिळायचा. त्यांना पाहिलं की आपलं काहीतरी चुकलंय असं मला का वाटायचं, ते मला आजही सांगता येणार नाही.

दर रविवारी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सकाळच्या मीटिंगला ते एक शब्द आणायचे. छान जाड कार्डावर छापलेला. तो वाचून दाखवायचे, समजावायचे आणि मीटिंग रूमच्या भिंतीवर चिकटवायचे. अकाउंटेबिलिटी. बेंचमार्क. प्रोफिशंट. अचिव्हमेंट गॅप. अॅट-रिस्क. इंटरव्हेन्शन. फिडेलिटी. जुनं कार्ड कधी निघायचं नाही. हळूहळू दाराकडची भिंत भरली, मग खिडकीकडची सुरू झाली.

परतीच्या वाटेवर गाडीत मॅडम प्रत्येक शब्द सोलून बघायच्या. "अकाउंटेबिलिटी म्हणजे, उद्या काही बिघडलं तर कोणाच्या नावावर घालायचं ते आजच ठरवून ठेवणं." "प्रोफिशंट म्हणजे पास. पास म्हणायची लाज वाटती एवढंच." "इंटरव्हेन्शन म्हणजे शिकवणी गं, शिकवणी. आमच्याकडं कुलकर्णी मास्तर ओसरीवर घ्यायचे, त्याला एवढं मोठं नाव नव्हतं." मी पोट धरून हसायचे.

एका रविवारी मात्र त्यांनी मीटिंगमध्येच हात वर केला. भिंतीवर त्या दिवशी वाक्यच लागलं होतं, 'चिल्ड्रन विल बी आयडेंटिफाइड'. मॅडमनी विचारलं, "सर, बाय हूम?" डॉक्टर मनापासून हसले. म्हणाले, "बाय ऑल ऑफ अस, मिसेस घोरपडे." सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. खाली बसता बसता माझ्या कानाशी म्हणाल्या, "ऑल ऑफ अस म्हणजे कोणीच नाही."

पण त्या शब्दांचा त्यांना राग होता असं कुणाला वाटेल, तर ते खरं नाही. शाळेनं सक्तीचा केलेला अमेरिकन शिक्षणाचा ऑनलाइन कोर्स आम्ही सगळ्यांनी पुढे ढकलत ढकलत उरकला होता. मॅडमनी तो कविता पाठ करावी तसा पाठ केला होता. "शब्द चांगल्या घरातले आहेत गं," त्या म्हणायच्या. "तिकडं गरिबांची पोरं वर्षानुवर्षं मागं राहत होती आणि कोणी विचारत नव्हतं. विचारायला लागावं म्हणून काढले हे शब्द. पण तिकडं सरकारी शाळा आहे. पोराला शाळेत घ्यावंच लागतं, घालवून देता येत नाही. मग नापास म्हण, रिस्क म्हण, काय पाहिजे ते म्हण, शाळा तिथंच असती. इथं आपल्या शाळेनं शब्द तेवढे आणले. ते 'घ्यावंच लागतं' तिकडंच राहिलं."

मी तेव्हा यल्ला यल्ला म्हणत हॉर्न वाजवणाऱ्या मागच्या गाडीकडे बघत होते. पुढे हे वाक्य पुन्हा पुन्हा आठवावं लागेल असं वाटलं नव्हतं.

मॅडमच्या वर्गात ओवी नावाची एक मुलगी होती. नाशिकची. वडील निखिल वेस्ट बेच्या एका टॉवरमध्ये, इंजिनिअरिंग कंपनीच्या एचआरमध्ये. आई स्नेहल घरी. ओवीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. तोंडी गणितात पहिली, आणि वाचायला बसवलं की अक्षरं तिच्याशी लपंडाव खेळायची. एक ओळ वाचेपर्यंत घामेघूम व्हायची. मॅडमचा तिच्यावर जीव होता, कारण ती प्रश्न विचारायची.

आमच्या शाळेत लॉकडाउन ड्रिल व्हायचं. तेही तिकडूनच आलेलं, बंदूकवाला शाळेत घुसला तर काय करायचं याची तालीम. भोंगा वाजला की दार आतून लावायचं, दिवे घालवायचे, पडदे ओढायचे आणि मुलांना घेऊन भिंतीच्या कडेला चूप बसायचं. इथे, जिथे लोक गाडी चालू ठेवून दुकानात जातात! त्या दिवशी माझा तास रिकामा होता, म्हणून मी मॅडमच्या वर्गात अडकले. अंधारात मुलं एकमेकांना चिकटून बसलेली. बाहेर कोणीतरी एकेका दाराची मूठ फिरवून बघत येत होतं. ते डॉक्टरच असणार, दार नीट लागलंय का ते तपासत. आमच्या दाराची मूठ फिरली आणि थांबली. तेव्हा ओवीनं मॅडमच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मॅडम, हू इज कमिंग?"

मॅडमनी तिला कुशीत ओढलं. "तेच विचारतेय बाळा मी पण, वर्षभर."

पुढच्या रविवारी नवीन कार्ड आलं. रिटेन्शन.

नियम असा की तिसरीच्या अखेरीस जे मूल वाचनात प्रोफिशंट नाही, त्याला चौथीत ढकलायचं नाही, तिसरीतच ठेवायचं. तिकडे बऱ्याच ठिकाणी असं करतात, डॉक्टर म्हणाले. मुलाच्या भल्यासाठीच. मॅडमनी हात वर केला नाही. परतताना राउंडअबाउट गेल्यावर डोळे उघडून एवढंच म्हणाल्या, "ठेवायचं म्हणजे कुठं ठेवायचं? पुढच्या वर्षीची तिसरी आत्ताच भरलीय. वेटिंग लिस्ट आहे. ऑफिसातली पोरगी सांगत होती."

त्यानंतरच्या एका शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. मॅडमचे यजमान प्लँटवरून सुट्टीला आले होते, आत झोपले होते. बेल वाजली. दारात निखिल, स्नेहल आणि ओवी. निखिलच्या हातात पेढ्यांचा बॉक्स. माणूस नुसता फुलून आला होता.

"मॅडम, आधी तोंड गोड करा! ओवीला रिटेन केलं!"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मॅडमच्या हातात त्यानं पेढा ठेवलासुद्धा.

"काल डायरेक्टरनी बोलावलं होतं," तो सांगत होता. "मी म्हटलं, आता काय ऐकायला मिळतंय. स्नेहल तर रात्रभर झोपली नव्हती. तर ते म्हणाले, वी आर रेकमेंडिंग ओवी फॉर रिटेन्शन. मी उठून हात मिळवला त्यांच्याशी! सगळं तुमच्यामुळे मॅडम."

त्याची काही चूक नव्हती. त्याचं आयुष्य त्या शब्दावर चाललं होतं. त्याच्या ऑफिसात माणसं कमी करायची वेळ आली की याद्या तोच करायचा, आणि रिटेन्शनच्या यादीत ज्याचं नाव, त्याची नोकरी वाचली. त्याचा व्हिसा वाचला, बायकापोरं वाचली. स्वतः त्याला गेल्या वर्षी रिटेन केलं, तेव्हाही त्यांनी पेढेच वाटले होते.

मॅडम पेढा तळहातावर तसाच धरून उभ्या होत्या. "निखिल, बसा जरा," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनी सांगितलं. मी मॅडमना एवढ्या हळू बोलताना ऐकलं नव्हतं. शाळेत त्या शब्दाचा अर्थ नापास. त्याच वर्गात पुन्हा. आणि त्या वर्गात जागा नाही.

"पण रिटेन म्हणजे ठेवून घेणं ना?" निखिल अजून हसतच होता, ते हसू उतरवायचं त्याला सुचलं नाही. "ठेवून घेतात म्हटल्यावर जागा नाही कशी?"

स्नेहलला आधी कळलं. तिनं ओवीला जवळ ओढलं. दुसऱ्या कुठल्या शाळेत आता प्रवेश मिळणं अशक्य. सगळीकडे जुन्या शाळेचा रिपोर्ट मागतात आणि 'रिटेन्ड' वाचलं की 'आम्ही कळवू' म्हणतात. शाळा नाही म्हणजे मायलेकींनी नाशिकला जायचं आणि निखिलनं इथे कोणाबरोबर तरी शेअरिंगमध्ये राहायचं. किती वर्षं, कोण सांगणार. हे कोणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती, इथल्या प्रत्येक घराच्या मनात ही भीती कपाटातल्या बॅगेसारखी तयार असते.

ओवी पेढा खात होती. तिनं विचारलं, "आर वी सेलिब्रेटिंग मी?"

त्या दिवसापासून मॅडमनी जेवणाची सुट्टी ओवीला देऊन टाकली. डबा उघडा ठेवून दोघी वाचत बसायच्या. मॅडमची एक अजब पद्धत होती. त्या ओवीला म्हणायच्या, सगळं वाक्य वाचूच नको. आधी ह्यात कोण आहे ते शोध. मग तो काय करतोय ते शोध. बाकीचे शब्द बसू दे तिथंच. आणि ओवी बोट फिरवत शोधायची, "द डॉग!... द डॉग... बरीड!" कर्ता सापडला की तिचं वाचन गाडीला लागायचं. मी डोळ्यांनी बघितलंय. पंधरवड्यात ती पान वाचायला लागली. अडखळत, पण वाचायला लागली.

मॅडम डॉक्टरांकडे गेल्या. पुन्हा चाचणी घ्या म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांना कॉफी दिली. ओवीच्या प्रगतीचा मनापासून आनंद व्यक्त केला. आणि म्हणाले, चाचणीची खिडकी, म्हणजे मुदत, बंद झाली आहे. "कोणी बंद केली?" मॅडमनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, ती आपोआप बंद होते.

मग एक दिवस त्यांनी मॅडमच्या टेबलावर एक कागद आणून ठेवला. मी बाजूलाच वह्या तपासत होते. छोटासाच मजकूर होता. 'आय, द क्लासरूम टीचर, रेकमेंड दॅट ओवी बी रिटेन्ड.' खाली सहीची जागा.

मॅडमनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मेघना, सापडला गं. वर्षभर शोधत होते. हा बघ कर्ता." आणि 'आय'वर बोट ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला हसणं म्हणतात, म्हणून मीही हसणं म्हणते.

डॉक्टरांना मराठी कळत नव्हतं. ते नम्रपणे वाट बघत उभे होते.

"आय डोन्ट," मॅडम म्हणाल्या. "सर, आय डोन्ट रेकमेंड." कागद त्यांनी दोन्ही हातांनी परत दिला, आपण देवळात प्रसाद देतो तसा.

डॉक्टर रागावतील, निदान आवाज तरी चढेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होते. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं. पण ते म्हणाले, "नो प्रॉब्लेम अॅट ऑल," आणि दार हलकेच लावून गेले.

आठवड्याभरात निखिलला ईमेल आला. त्यानं तो मॅडमना फॉरवर्ड केला आणि मॅडमनी गाडीत मला वाचून दाखवला. 'इट हॅज बीन रेकमेंडेड दॅट ओवी बी रिटेन्ड, सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी.' दुसऱ्या ओळीत, अव्हेलेबिलिटी, म्हणजे जागा, नसल्याबद्दल खेद.

"बघ," मॅडम म्हणाल्या, "माझी सही लागलीच नाही. नुसता प्रयोग बदलला. 'मी शिफारस करते' चं 'शिफारस केली गेली' केलं. एवढंच केलं गं. एवढ्यावर लेकरू गेलं."

मला संताप आला होता, पण तो नेमका कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. पुढच्या सिग्नलला मी उगाचच एका डिलिव्हरीवाल्यावर खेकसले.

निघायच्या आदल्या दिवशी स्नेहल ओवीला घेऊन मॅडमच्या पाया पडायला आली. बॅगा भरून झाल्या होत्या. निखिल आला नाही. इंडस्ट्रियल एरियाच्या बाजूला कुणासोबत तरी खोली मिळत होती, ती बघायला गेला होता. स्नेहल रडत नव्हती. ती नाशिकला कुठली शाळा घराजवळ आहे ते सांगत होती, रिक्षा कशी ठरवायची ते सांगत होती. ओवी मॅडमसमोर उभी राहिली. तिनं वर्षभरात मॅडमकडून एकच गोष्ट पक्की उचलली होती.

"मॅडम, हू इज सेंडिंग मी?"

मॅडमनी तोंड उघडलं. मी वाट बघत होते, आता काहीतरी येईल, त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला काहीतरी असायचंच. काही आलं नाही. त्यांनी ओवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. दार लागल्यावर त्या खुर्चीत बसल्या. "पोरीनं बरोबर विचारलं गं," म्हणाल्या. "आणि मला उत्तर देता आलं नाही. व्याकरणाच्या बाईला."

शाळा सुटायच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी पार्किंगमध्ये एसी लावून बसले होते आणि मनात वाईटसाईट सगळं येत होतं. त्या बाहेर आल्या, गाडीत बसल्या, पिशवी मांडीवर घेतली.

"काढलं?" मी विचारलं.

"छे. माझ्या वर्गाचे निकाल सगळ्यांत चांगले आहेत म्हणे. पगारवाढ देतायत." त्या माझ्याकडे वळल्या. "म्हणाला, मिसेस घोरपडे, यू हॅव बीन रेकमेंडेड फॉर रिटेन्शन."

मी एसीचा आवाज कमी केला.

"मग?"

"मी म्हटलं, आय अॅम लीव्हिंग. तो म्हणाला, अरे वाईट वाटलं, मग आपण फाइलमध्ये 'शी हॅज बीन रिलीज्ड' असं घालू या का? मी म्हटलं, नो. लिहा, आय अॅम लीव्हिंग. आय." त्यांनी बोटानं काच पुसल्यासारखं केलं. "त्याला कळलं नसणार. चांगला माणूस आहे गं तो. फक्त 'मी' म्हणत नाही."

मी गाडी काढली. रस्ता उन्हानं पांढरा पडला होता. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तिसरी तुला देणार आहेत. ऐकलं मी बाहेर. तो कागद येईल तुझ्या टेबलावर. नीट वाच."

"आणि सही नाही केली तर?"

"नाही केलीस तर ते दुसरं वाक्य करतील." त्या बाहेर बघत होत्या. "तरी नीट वाच."

राउंडअबाउट आला. डावीकडून एक पाण्याचा टँकर, मागून शाळेच्या बसेस, सगळे एकदम घुसत होते. सवयीनं मी बाजूला बघितलं. मॅडमनी पिशवी धरली नव्हती. डोळे उघडे ठेवून त्या टँकरच्या काचेमागच्या ड्रायव्हरकडे बघत होत्या, आम्ही पार होईपर्यंत.